केबिन माझीच

गोदीतल्या सगळ्यात उंच क्रेनवर बसायची म्हणून तिला सगळे क्रेनवालीच म्हणत. घरीसुद्धा. नवरा शिकवण्या घ्यायचा, चिडला की म्हणायचा, "क्रेनवाली, या आता जमिनीवर!"

वार्षिक तपासणी तोंडावर आली आणि तिची साखर काही केल्या उतरेना. सुपरवायझर टपूनच बसला होता. तिच्या केबिनमध्ये त्याला आपला मेव्हणा चिकटवायचा होता. "साखर जास्त निघाली तर बाई, तुम्हाला स्टोअरमध्ये बसवू," असं त्यानं हसत हसत सांगितलं. ते हसणं तिच्या डोक्यात गेलं. मेटफॉर्मिनच्या एका गोळीनं थोडी साखर उतरते, मग मूठभर गोळ्यांनी चांगलीच उतरेल, असं म्हणत तपासणीच्या आदल्या दिवशी तिनं सकाळीच पाकिटं रिकामी केली.

दुपारी पोटात मुरडा आला, उलट्या थांबेनात. नवऱ्यानं घरच्या यंत्रावर साखर पाहिली. ठीकठाक होती.

"पित्त झालंय, झोपू दे," ती म्हणाली.

पण पडल्या पडल्या तिला धाप लागली, डोळे जड झाले. तेवढ्यात नवऱ्याला कचऱ्याच्या डब्यात पाकिटं दिसली. त्यानं पाकिटं खिशात कोंबली, तिला उचलली आणि टॅक्सीत घातली.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी पाकिटं बघितली, रक्त तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "घरी साखर बरी दिसली म्हणून फसू नका. ही गोळी जास्त झाली की रक्तात आम्ल साठतं. त्याला उतारा नाही. मूत्रपिंडंही दमलीत. डायलिसिसनं रक्त धुवून काढावं लागेल." मानेत नळी गेली, रक्त यंत्रातून फिरून परत येऊ लागलं. नवरा दाराबाहेर उभाच होता. बस म्हटलं तरी बसेना.

तिनं डोळे उघडले तेव्हा उशाशी नणंद मुसमुसत होती. "वहिनी, असं काय दुःख होतं गं तुला?"

"दुःख?" तिचा आवाज पार घोगरा झाला होता. "मरायचंच असतं तर रोज दहा मजले उंच चढते, तिथून उडी नसती का मारली?"

डॉक्टरीणबाईंनी नणंदेला बाहेर पाठवलं आणि तोच प्रश्न सरळ विचारला. "विचारणं माझं काम आहे."

"शंभरदा विचारा. मला तपासणीत पास व्हायचं होतं, बास."

"पास व्हायला निघालात आणि वर जाता जाता वाचलात. शुद्ध मूर्खपणा."

"मूर्खपणा माझाच. पण केबिनही माझीच."

सुपरवायझर फळं घेऊन भेटायला आला. "आता आराम करा. स्टोअरमध्ये खुर्ची ठेवलीय तुमच्यासाठी."

"मेव्हण्याला बसवा तिच्यावर," ती म्हणाली. "आणि ती द्राक्षं न्या परत. साखर वाढते माझी."

मूत्रपिंडं हळूहळू ताळ्यावर आली. डॉक्टरीणबाईंनी औषध बदलून दिलं, नवरा रोज संध्याकाळी तिला ओढून चालायला नेऊ लागला. कंपनीच्या डॉक्टरला तिनं गोळ्यांचं सगळं स्वतःच सांगितलं. पहिल्या तपासणीत तो मान हलवून नाही म्हणाला. ती रडली नाही, भांडलीही नाही. पुढची तारीख मागून घेतली. त्या तारखेला त्यानं सही केली.

सोमवारी ती शिडी चढली. खाली सुपरवायझर कमरेवर हात ठेवून वर बघत होता. तिनं वॉकीटॉकी तोंडाशी धरली.

"खालच्यांनी बाजूला व्हा. माल येतोय."