आप्पासोच्या हाताची काठी

"घोंगडं नापास केलं ते केलं, वर निरोप काय, तर येताना काठी घेऊन या! माझ्या मालकाची काठी काय चोरीचा माल हाय, चौकीवर हजर करायला?"

वडापची जीप माण तालुक्यातून निघाल्यापासून अंबूबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. काठी मांडीवर आडवी. शेजारी तिचा लेक धनाजी खिडकीबाहेर बघत बसलेला.

"कांदा न खाणारी बाई ती. तिला लोकरीतलं काय कळतंय?"

"आये, कांद्याचा नि लोकरीचा काय संबंध?"

"हाय संबंध. तू गप."

राग होता चंदनबालेवर. सांगलीच्या पेठेतली ही जैनांची सून दोन वर्षांपूर्वी गावोगाव हिंडली आणि सातारा-सांगलीतल्या अकरा मागवाल्यांना तिनं एकत्र आणलं. एकट्याला मोठी ऑर्डर झेपत नाही, म्हणून एकेक माग बंद पडत चालला होता. आता लोकर जतकडची, सूत माणातल्या बायांचं, माग ज्याच्या त्याच्या दारात आणि विक्री सांगलीतून. यंदा महाबळेश्वरच्या एका हॉटेलानं सहासष्ट घोंगडी मागितली होती. सहा हात लांब, सगळी एकसारखी. आधी प्रत्येकानं एकेक नमुना द्यायचा होता. अंबूबाईनं कातलेला, धनाजीनं विणलेला नमुना नापास झाला. बेचाळीस वर्षांत या घरचं घोंगडं कुणी नाकारलं नव्हतं.

धनाजीला मानापेक्षा दुसरीच चिंता होती. ही ऑर्डर गेली तर तो माग गुंडाळणार होता. मलकापुरातल्या एका शोरूमनं त्याला एक तारखेपासून वॉचमन म्हणून ये म्हटलं होतं. निळा शर्टही घरी आला होता. अंबूबाईनं तो घडी न मोडता लोकरीच्या पोत्याखाली दाबून ठेवला होता.

सगळ्यांचा माल जिथं गोळा व्हायचा त्या कडेगावच्या शेडमध्ये बाकीचे दहाजण आधीच पोचले होते. मधोमध अकरा घोंगडी एकावर एक पसरलेली. एका बाजूनं कडा नीट जुळवलेल्या आणि दुसऱ्या बाजूनं बघावं तर जिन्याच्या पायऱ्या. अंबूबाई बघतच राहिली. नापास एकट्या तिचं झालं नव्हतं. प्रत्येकानं सहाच हात विणलं होतं.

मागवाल्याच्या घरात मापाची काठी असते. घरच्या जाणत्याचं कोपरापासून मधल्या बोटापर्यंतचं अंतर घ्यायचं नि काठीवर खाच पाडायची, तो त्या घराचा हात. आप्पासोला जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण धनाजी अजून बापाच्याच हातानं मोजत होता.

फलटणकडचा नाथाजी सहा फुटांच्या वर. त्याचं घोंगडं सगळ्यांत लांब. तो छाती काढून म्हणाला, "आमच्या आज्ज्याची काठी हाय ही. समद्यांनी हेच माप धरा."

"तुझा आज्जा माडावानी व्हता, म्हणून आमी का माना ताणायच्या?"

"आवं मावशी, तुमचं घोंगडं डोस्क्यावर घेतलं तर पाय उघडं पडत्यात."

"पाय लांब करून झोपायला येळ कुणाला व्हता रं आमच्यात!"

हशा पिकला, पण टिकला नाही. जो तो आपलीच काठी खरी म्हणू लागला. दोघांनी तर आपापली घोंगडी ओढून खांद्यावर टाकली आणि दाराची वाट धरली. धनाजी हळूच आईला म्हणाला, "झालं. जातो मी मलकापूरला."

इतका वेळ जमिनीवर मांडी घालून बसलेली चंदनबाला उठली. साडीला सगळीकडं लोकर चिकटलेली.

"थांबा की जरा. चूक माझी आहे. सहा हात म्हणून मी सांगितलं, कुणाचा हात ते विचारलंच नाही. आमच्या पेठेत हात म्हणजे दीड फूट, तेच माझ्या डोक्यात. हॉटेलवाल्यांनाही मी तसंच सांगितलंय, चुकले म्हणून. त्यांनी पंधरा दिवस वाढवून दिलेत. लांबी आपण ठरवायची, फक्त सगळी सारखी पाहिजेत. ही अकरा मी आमच्या दुकानात लावते, ज्याच्या त्याच्या घरच्या नावानं."

दाराकडं गेलेले दोघं थांबले.

"मग काठी कुणाची धरायची?" नाथाजीनं विचारलं.

"एकट्याची कुणाचीच नाही. अकराही काठ्या खाचेपर्यंत मोजू, बेरीज करू आणि तिचे अकरा भाग पाडू. येईल तो आपल्या सगळ्यांचा हात."

जो तो दुसऱ्याच्या काठीकडं बघू लागला. काठी पहिल्यांदा खाली कोण ठेवणार? अंबूबाईला उंबरा आठवला. आप्पासोनं त्यावर कोपर टेकवलं होतं आणि कोयता तिच्या हातात दिला होता. खाच तिनंच पाडली होती. 'बोट सांभाळ गं,' म्हणून तो हसला होता.

ती उठली. पदर खोचला आणि काठी घोंगड्यावर ठेवली.

"मोज."

मग खडाखड काठ्या पडल्या. चंदनबालेनं टेप लावला, मोबाइलवर हिशोब केला, तो नाथाजीकडून दुसऱ्यांदा करून घेतला. नाथाजीचा हात दोन बोटं घटला. आप्पासोचा बोटभर वाढला.

चंदनबालेनं नव्या मापाच्या अकरा कांबी कापून आणवल्या. धनाजी आपली कांब घेऊन आला. "आये, जुनी आता घरात ठिवूया."

"कशापायी? कोयता आण."

धनाजीनं काठी घट्ट धरली. जुन्या खाचेच्या पुढं बोटभर अंतरावर अंबूबाईनं कोयता टेकवला.

"बोट सांभाळ," ती म्हणाली. धनाजीनं बोट मागं घेतलं. दोन घावांत दुसरी खाच पडली. तिनं फुंकर मारून भुसा उडवला, दोन्ही खाचांवरून अंगठा फिरवला आणि काठी त्याच्या हाती दिली. "हिच्यावरनंच मोजायचं. आणि त्यो शर्ट उद्याच्या उद्या देऊन यायचा."

मग ती चंदनबालेपुढं जाऊन उभी राहिली.

"माझ्या घरचं घोंगडं नापास करणारी तू पयली. आणि चार माणसांत चुकले म्हणणारी बी तूच पयली. मला ह्या वयापातुर ते कवा जमलं न्हाई." तिनं चंदनबालेच्या खांद्यावरची लोकर चिमटीनं उचलली. "आता ह्या खेपंचं नापास करून दाव."