लाखावरच्या आठ वाती

"रोज एकशे आठ वाती वळ. एक कमी न्हाई, एक जादा न्हाई. लाख भरल्या की देवापुढं लाव." देवाघरी जाताना सासूबाईंनी एवढं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

कालपर्यंत नऊशे पंचवीस दिवसांत नव्याण्णव हजार नऊशे वाती झाल्या. आज शंभरच उरल्या. शंभरावर थांबले तर रोजचा नेम मोडतो, एकशे आठ वळल्या तर लाखावर आठ जातात. सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी सांगलीला गणित शिकवणाऱ्या माझ्या लेकीला, क्रांतीला फोन केला.

"आई, तुझी मोजणी बरोबर हाय. एकशे आठला तिनानं भाग जातो, लाखाला जात न्हाई. मग लाख नेमके भरतीलच कसे? एकशे आठनं भाग जाणारा पुढचा आकडा एक लाख आठ."

"अगं, पण तुझ्या आजीला काय सांगू?"

"आजी कोरेगावच्या बाजारात घेवडा कसा मापायची?"

माप शिगोशीग भरलं तरी वर मूठभर टाकल्याशिवाय सासूबाईंचा हात थांबत नसे.

मी फोन ठेवला, हात धुतले आणि कापूस मांडीवर घेऊन आजची पहिली वात वळायला बसले.