खांबाच्या टोकावरची शाई

मित्रांनो, मी सुताराचा रंधा. जुना म्हणा, म्हातारा म्हणा, मला राग नाही. माझे अंग ओकच्या लाकडाचे आणि पाते एका डोंगरी लोहाराच्या हातचे. माझ्या मालकाने मला घेतले तेव्हा ते पाते त्याच्या तळहाताएवढे लांब होते. पंचेचाळीस वर्षे दगडावर घासून घासून आता अंगठ्याएवढे उरले आहे. आमच्याकडे रंधा पुढे ढकलत नाहीत, स्वतःकडे ओढतात. त्यामुळे माझे सगळे आयुष्य माणसाच्या छातीकडे येण्यात गेले. ओढणाऱ्याचा श्वास मला कळतो.

माझा मालक तोमेकिची हा ओकुताकी गावचा, देवळे बांधणारा सुतार. उमेदीच्या काळात मी काढलेली लाकडाची पातळ ढलपी वर्तमानपत्रावर पसरली तर खालची अक्षरे वाचता येत. शेजारचे सुतार ती ढलपी खिशात घालून घरी दाखवायला नेत. मग विजेचे यंत्र आले. त्याने माझे निम्मे काम खाल्ले आणि मी फळीवर जाऊन बसलो. देवळाचे काम निघाले की शेवटचा हात फिरवायला तेवढा मी खाली उतरे.

एका वर्षी एक गोडबोल्या व्यापारी आला आणि माझ्या शेजारचे दोन रंधे घेऊन गेला. पुढे कळले की ते एका खानावळीत भिंतीवर टांगले आहेत, वर चकचकीत रोगण लावून. तेव्हापासून दारात कोणी अनोळखी दिसला की माझे अंग आक्रसते.

आणि मग आर्विद आला. बर्फ वितळू लागले होते. उंच, पिवळट दाढीचा, उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशात होड्या बांधणारा माणूस. आमची कामे पाहत गावोगाव हिंडतो, असे तो म्हणाला. आमची भाषा त्याला येत होती, पण पुस्तकातली.

"बाबा, तो रंध्यालासुद्धा 'आपण' म्हणतो!" मालकाची मुलगी इसोए हसत म्हणाली. तीही सुतारच, बापाच्या हाताखाली तयार झालेली. "'आपण वजनदार आहात', असं म्हणाला त्याला."

"इतकं गोड बोलणारा शेवटी भाव विचारतो," मालक पुटपुटला. "लक्ष ठेव."

लक्ष मी ठेवले. तो पटाश्या मोजी. वासे हुंगी. संध्याकाळी खांबाजवळ उकिडवा बसून वहीत काहीतरी उतरवी आणि त्याची बोटे शाईने काळी असत. प्रामाणिक माणसाला इतके काय लिहायचे असते?

खांब म्हणजे देवळाच्या नव्या दरवाजाचा. सुगंधी हिनोकी लाकडाचा, माझ्या मालकाच्या हातचा बहुधा शेवटचाच. आमच्या लोकांत एक गोष्ट कधी चुकवत नाहीत. झाड जसे वाढले तसाच खांब उभा करायचा, बुंधा खाली, शेंडा वर. उलट्या खांबाची वास्तू कण्हते म्हणतात. सुताराने चाळीस देवळे बांधली असली तरी एका उलट्या खांबाने त्याचे नाव जाते. पण लाकूड चौकोनी तासल्यावर दोन्ही टोके सारखीच दिसतात. म्हणून बुंध्याच्या टोकावर शाईने खूण लिहितात. या खांबावर ती होती, सुतारशाळेच्या दाराकडच्या टोकावर.

खांब उभारायला दोन दिवस राहिले. खोबण्या पाडून झाल्या होत्या. उरला होता माझा हात. मालकाने हातोडीने माझे पाते केसभर पुढे सरकवले आणि अचानक मला आर्विदपुढे धरले.

"ओढ. होड्या बांधतोस ना? बघू तरी खरं किती आणि खोटं किती."

परदेशी माणूस मला ढकलणार, असे मी धरून चाललो होतो. त्याने मला नीट ओढले. माझा संशय दुप्पट झाला. हे याला शिकवले कोणी, आणि कशासाठी?

असा खांब शेंड्याकडून बुंध्याकडे रंधला तर लाकडाचे तंतू आडवे निजतात. उलट रंधला तर ते उभे राहून उचकटतात. आर्विद खूण नसलेल्या टोकाकडून खुणेकडे निघाला, म्हणजे बरोबरच. चार हात गेलो आणि पाते अडले. खालून करकर आवाज आला. गुळगुळीत व्हायचे त्या जागी लाकूड माशाच्या खवल्यांसारखे उचकटले.

"अरे ए, हातात जीव नाही तर धरायचं कशाला!" मालक ओरडला. "देवाचा खांब आहे तो!"

"क्षमा करावी. आपल्या खुणेकडेच ओढलं."

मालकाने मला हिसकावले आणि त्याच दिशेने स्वतः ओढले. मित्रांनो, त्या हातात मी कधी अडलो नव्हतो. त्या दिवशी अडलो. पुन्हा तीच करकर. मग त्याने दुसऱ्या टोकाला जाऊन मला उलट्या दिशेने ओढले. ढलपी निघाली ती पाण्यासारखी.

तो खाली बसला. खूण शेंड्यावर होती. खोबण्या तिच्या हिशोबाने पाडलेल्या होत्या. खांब उलटा झाला होता.

इसोएने आर्विदचा हात धरून उजेडात ओढला. "ही शाई कसली? रोज इथे बसून काय चाललेलं तुमचं? खूण तुम्ही बदललीत!"

माझ्याही मनात तेच होते. मला तोंड असते तर मीही तेच ओरडलो असतो.

आर्विदने वही उघडली. पहिल्या दिवसाच्या पानावर खांबाचे चित्र होते, दार होते, आणि दाराकडच्या टोकावर तीच खूण, रेघेला रेघ उतरवलेली. मालकाने त्या खुणेवर बोट ठेवले.

"आडवी रेघ शेवटी खाली वाकते," तो म्हणाला. "माझीच वाकते तशी. लाकडाच्या गिरणीत पहिली खूण टोकासकट कापली गेली. मी आठवणीनं पुन्हा लिहिली. पण खांब आत आणताना हाताखालच्या पोरांनी फिरवला होता..."

इसोएने उचकटलेल्या जागेवरून बोट फिरवले. मग अगदी हळू म्हणाली, "बाबा, दुसरा हात फिरवला की उचकटलेलं दिसणार नाही. कोणाला कळतंय? आपण दोघं, आणि हा तर परवा जाईल."

मालकाने आर्विदकडे पाहिले. त्या नजरेत मला माझाच संशय दिसला. हा बोलेल का? कुठे बोलेल?

तेवढ्यात देवळाचे वडीलधारे हिसामात्सु दारात आले, उभारणीची वेळ विचारायला. उचकटलेले लाकूड पाहून जागीच थांबले.

"हे काय, तोमे?"

"खांब उलटा आहे. परवा उभा राहणार नाही."

"अरे, चार गावांना आवतण गेलंय! तांदूळ भिजत घातलेत बायकांनी!"

"मग भात खाऊ. भाताला कुठे बुंधा-शेंडा असतो?"

हिसामात्सु हसले नाहीत. त्यांनी आर्विदला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि मालकाच्या कानाशी वाकले. "या परक्यानं काही गडबड केली का? तसं असेल तर सांग. लोक समजून घेतील. तुझ्यावर काही येणार नाही."

मित्रांनो, मी मालकाच्या हातात होतो. एक शब्द पुरला असता. परका माणूस दोन दिवसांत निघून गेला असता आणि चाळीस देवळांचे नाव शाबूत राहिले असते. खरे सांगतो, मी वाट पाहत होतो की तो शब्द येईल.

"नाही," मालक म्हणाला. "खूण मी लिहिली. चूक माझी. त्याच्या हातात रंधा होता म्हणून ती सापडली."

हिसामात्सु निघून गेले. गावात महिनाभर चर्चा झाली. काही जण अजूनही मालकाला 'उलटा तोमे' म्हणतात. त्या खांबाच्या देवळाच्या पायऱ्या झाल्या.

दुसरे लाकूड आले तेव्हा मालकाने शाईला हात लावला नाही. आधी दोन्ही बाजूंनी मला एकेकदा ओढायला लावले, एकदा इसोएला, एकदा आर्विदला. आर्विद जायचा थांबला होता. "कुठलं टोक बुंध्याचं?" मालकाने विचारले. दोघांनी एकाच टोकाला बोट लावले. मग त्याने खूण लिहिली.

आर्विदबद्दल मी मनात जे जे धरले होते, ते मला कोणापुढे मागे घेता आले नाही. म्हणून तुमच्यापुढे घेतो. तुमच्यापैकी कोणाच्या हाती माझ्यासारखा म्हातारा आला, तर त्याला कोरडा ठेवा, त्याची धार राखा आणि काम द्या. आणि तो मध्येच अडला, तर जोर वाढवू नका. हात थांबवा आणि खाली वाकून लाकूड पाहा.