सगळीच पोर्ट दिली

ऑफिसात त्यांना सगळे गुरुजी म्हणत, कारण चुका टाळायच्या सूचना तेच लिहून भिंतीवर चिकटवत. आज कॉम्प्युटरच्या पोटात चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरला खरी यूएसबी पोर्ट देऊन बघायची होती. गुरुजींनी कर्णाच्या थाटात सगळीच देऊन टाकली. त्यांच्यासोबत कीबोर्ड आणि माउसही आत गेले, आणि बाहेरचा कॉम्प्युटर बहिरा झाला. आता परत मागायचं तरी कशाने? शेजारच्या टेबलावरच्या शेजारणीचा कीबोर्ड जोडला, तर तोही आत गेला.

"टेस्ट पास?" साहेबांनी विचारलं.

"शंभर टक्के," गुरुजी पुटपुटले.

शेजारीण भिंतीवरचा कागद वाचू लागली, "आधी आपला कीबोर्ड कुठे जोडलाय ते पाहा. हे गाढवालाही कळेल."

गुरुजींनी खिशातलं पेन काढून पुढे लिहिलं, 'गुरुजी सोडून.'