वाडीच्या नावाची सुपारी

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कशेळ्याला चला. आजचं नव्हे, १९४५ साल सरत आलं होतं तेव्हाचं कशेळे. जीपगाड्या नाहीत, विजेचे खांब नाहीत. बाजार उठला आहे, बैल सोडलेल्या गाड्या उभ्या आहेत, आणि आंब्याच्या सावलीत बरीच माणसं जमिनीवर बसली आहेत. कडावची आहेत, आसपासच्या गावांची आहेत, डोंगरावरच्या वाड्यांचीही आहेत. त्या गर्दीत तुमच्याएवढी एक मुलगी बसलेली दिसते का? तिचं नाव जना. ती बापाला खेटून बसली आहे. बापाचं नाव धाऊ, डोंगरावरच्या एका वाडीचा म्होरक्या.

ही सभा होती कुळांच्या मंडळाची. दुसऱ्याची जमीन कसणारा तो कूळ. नव्या वर्षात मुंबईच्या कायदेमंडळाची निवडणूक व्हायची होती, आणि कुणाच्या पाठीशी उभं राहायचं ते मंडळाला आज ठरवायचं होतं.

तुम्ही म्हणाल, ज्याला जो उमेदवार पटेल त्याला त्यानं मत द्यावं. पण तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं. ज्याच्या नावावर जमीन, जो सारा भरतो, जो थोडा शिकलेला, अशांनाच ते मिळे. धाऊच्या वाडीत तर एकालाही नव्हतं. म्हणून मंडळानं एक रीत घातली होती. मत असो वा नसो, सभेत सगळ्यांनी बसायचं, सगळ्यांनी बोलायचं, आणि ज्यांच्याकडे मत आहे त्यांनी सभेचं ऐकून ते टाकायचं.

निवडणुकीला दोघे उभे होते. एक मोठ्या जमीनदाराचे वकील. दुसरे चौक गावचे मालोजी, स्वतः शेतकरी आणि थोडंफार शिकलेले. कुळाला जमिनीवरून हुसकावता येऊ नये आणि वेठ बंद व्हावी, असं ते म्हणत. वेठ म्हणजे पैसे न देता करून घेतलेलं काम. जमीनदाराचे पाहुणे डोंगरावर हवा खायला निघाले की धाऊ त्यांची डोली उचलायचा. त्याच्या उजव्या खांद्यावर बैलाच्या मानेसारखा घट्टा पडला होता. जना दिवाणजींच्या गोठ्यात शेण काढायची. दिवाणजी म्हणजे जमीनदाराचा कारभार पाहणारे गृहस्थ.

सभेत एकेका गावाचं माणूस उठून बोलू लागलं. मंडळाच्या पुढारी होत्या कडावच्या आनंदीबाई. भात लावता लावता माणसं जोडणारी बाई. त्या प्रत्येकाचं बोलणं पुरं होऊ देत. मालोजी समोर बसून ऐकत होते, कारण मंडळाचा नियमच होता की उमेदवारानं आधी ऐकायचं आणि मग बोलायचं.

"आता धाऊ, तुझी वाडी," आनंदीबाई म्हणाल्या.

धाऊ उठला आणि नुसताच उभा राहिला.

"बोल की रं," गाडीवाला धाकलू म्हणाला. "का तोंडात तंबाखू हाय?"

"माजं तोंड बांदलंय," धाऊ म्हणाला. त्यानं कमरेची पानसुपारीची चंची सोडली आणि त्यातली एक सुपारी तळहातावर ठेवली. "दिवाणजी वाडीवर आलं व्हतं. माज्या अंगणात बसलं. ही दिली न् म्हनलं, तुमची वाडी वकीलसायबाची. दारात आल्याला पावना, त्याच्या हातचं कसं नाय म्हनू? घेतली."

"मग?"

"मग काय? सुपारी घेतली म्हंजी वाडीचा सबूद गेला."

धाकलू मोठ्यानं हसला. "अरं येड्या, तुज्या वाडीत मत तरी हाय का येक? मग दिवाणजीनं इकत घेतलं ते काय?"

काही जण हसले. आनंदीबाई हसल्या नाहीत. "इचार कर, धाकलू. मत नाय त्या वाडीवर दिवाणजी डोंगर चढून का गेला? गवत कोण कापतं जमीनदाराचं? ही वाडी उभी राह्यली तर खालची कुळं बी उभी राहत्याल, हे त्याला ठावं हाय."

मालोजी म्हणाले, "राहू द्या, धाऊदादा. तुम्ही गप्प बसलात तरी चालेल. मी समजून घेईन."

पण धाऊला गप्प बसायचं नव्हतं. त्याला वेठ संपायला हवी होती, आणि दिलेला शब्दही मोडवत नव्हता. "सबूद मोडला तर उद्या या पोरीच्या लग्नात माजी सुपारी कोन घेईल?" तो म्हणाला. जनानं मान खाली घातली.

आनंदीबाईंनी विचारलं, "तुमच्या वाडीत सोयरीक नाय जमली तर सुपारी परत कशी करता?"

"फोडली नसंल तर परततीय. ज्यानं घेतली त्यानं चार मानसांदेखत देनाऱ्याच्या ओटीवर ठेवायची. पन ज्यानं घेतली त्यानं बोलायचं नाय. घरातल्या दुसऱ्या कुनी म्हनायचं, आमाला पटत नाय. मंग सबूद सुटतो."

"मग घरातलं कोण हाय हितं?"

धाऊची बायको बाळंतीण होती, वाडीवरच होती. माणसं हळूहळू जनाकडे पाहू लागली.

"ती ल्हान हाय," धाऊ म्हणाला.

दिवाणजींपुढे तिनं आजवर मान वर केली नव्हती. तिनं आनंदीबाईंना हळूच विचारलं, "आनखी काय बोलायचं?"

"मी शिकवनार नाय गं. पटत असंल तर बोल, नसंल तर नको. कुनी रागावनार नाय."

जना उठली आणि तिनं बापाचा हात धरला.

दिवाणजींचं घर बाजाराच्या टोकाला होतं. ते ओटीवर पान लावत बसले होते. धाऊनं सुपारी त्यांच्यासमोर ठेवली आणि तो दोन पावलं मागे सरला. मागे आनंदीबाई, धाकलू आणि आणखी काही माणसं उभी होती.

"काय रे धाऊ? किडकी निघाली काय?" दिवाणजींनी विचारलं.

धाऊनं रीतीप्रमाणे जनाकडे पाहिलं.

"आमाला पटत नाय," ती म्हणाली.

"काय?"

"आमाला पटत नाय."

दिवाणजींनी पान बाजूला ठेवलं. "तुला काय कळतं गं? काय पटत नाही?"

जना म्हणाली, "माजा बा डोली उचलतो. त्यात बसनारं वाटंत पानी बी इचारीत नायत. ते पटत नाय."

दिवाणजींनी धाऊकडे नजर वळवली. मग ते म्हणाले, "ठीक आहे. धाऊ, उद्यापासून तुझ्या वाडीनं आमच्या गवतावर यायचं नाही. बघू काय खाता ते."

धाऊचा चेहरा उतरला. कापणीची मजुरी हाच त्याचा थंडीतला आधार होता.

"मग आमची मानसं बी नाय येनार," आनंदीबाई शांतपणे म्हणाल्या.

"आन् गवत ठेसनावर न्यायाला गाड्या आमच्याच हायत, दिवाणजी," धाकलू म्हणाला. "डोक्यावर न्या हवं तर. वकीलसायेब हायतच उचलायला."

दिवाणजी उठून आत गेले. सुपारी ओटीवरच राहिली. पुढे ते वाडीला गवतावर बोलावतील की नाही, ते त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. परत येताना धाऊ म्हणाला, "भ्या वाटतंय, बाय." आनंदीबाई म्हणाल्या, "मला बी."

आंब्याखाली आल्यावर धाऊ पुन्हा उभा राहिला. "आमची वाडी मालोजीच्या संगं. पन मालोजी, तुमी निवडून गेलात न् डोलीचं इसरलात, तर या झाडाखाली तुमाला बी बोलावू."

"बोलवा. मी येईन," मालोजी म्हणाले. त्यांनी ते सगळ्यांसमोर, उभं राहून सांगितलं. मग सभेनं त्यांचं नाव पक्कं केलं.

माणसं उठायला लागली तेव्हा धाऊ आठवून म्हणाला, "दिवाणजी वर नवशाच्या वाडीवर बी गेलं व्हतं. त्यास्नी बी सुपारी दिली असंल. त्यांचं बी तोंड बांदल्यालं असंल."

"कुनाला तरी धाडाया पायजे," आनंदीबाई म्हणाल्या. "त्यांनी सुपारी फोडायच्या आत."

कोण जाणार याची बोलणी सुरू झाली. धाकलू बैलांचं कारण सांगू लागला. इकडे जनानं परकराचा काचा मारला आणि "बा, मी म्होरं व्हते" एवढं सांगून ती नवशाच्या वाडीच्या पायवाटेनं चढायला लागली.