मसाजींच्या तलवारी

मसाजी दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीवरून परत आले तसा रागिणीनं वहीवर पदर ओढला.

"एक वाजंल म्हणतेत," असं म्हणून ते तिच्यापासून एक खुर्ची सोडून बसले.

सासरा आणि सून असे दोघंच कुठं निघण्याची ही पहिलीच वेळ. मसाजींच्या मानेत डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आली होती. आठ दिवसांपूर्वी हिंगोलीच्या याच दवाखान्यात तिच्यात सुई घालून नमुना घेतला होता, आणि आज रिपोर्ट मिळणार होता. रागिणीचा नवरा शिवशंकर सोबत यायला निघालाही होता. पण मसाजी म्हणाले, "तू राहू दे. सूनबाई येईल. तिला विंग्रजी वाचता येतं." लेकासमोर आपली भीती दिसायला नको, हे खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही; रागिणीनं ते बसमध्येच ओळखलं होतं.

अर्धा तास ते समोरच्या भिंतीकडं बघत राहिले. हात मानेकडं जाई, गाठीला न लागताच खाली येई. मग एकदम त्यांनी विचारलं,

"काय लिहून राहिलीस?"

"काही न्हाई, मामा."

"काही न्हाई तर झाकून काहून ठेवलंस?"

रागिणीनं वही आणखी जवळ ओढली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. दर रविवारी दुपारी फोन घेऊन ती आतल्या खोलीत बसायची आणि घरात सांगायची, क्लास आहे. क्लास कसला! परभणीला होस्टेलवर असताना तिनं आणि रुपा, आरोही या मैत्रिणींनी एक खेळ सुरू केला होता, तो अजून चालू होता. पण ही जागा खोटं बोलायची नव्हती. तिनं सांगून टाकलं. प्रत्येकीनं एक मनातला माणूस व्हायचं. रुपा गोष्ट सांगणार, आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवणार. या रविवारी सगळे एका राक्षसाच्या तळघरात उतरणार होते. तिथं दहा जादूच्या तलवारी सापडायच्या होत्या, आणि त्या घडवायचं काम रागिणीकडं होतं.

"म्हंजी क्लास न्हाई. खेळ."

"व्हय."

ती मान खाली घालून बसली. आता काय ऐकावं लागतंय कुणास ठाऊक.

"वाच," मसाजी म्हणाले.

तिनं हळू आवाजात वाचलं. पहिली तलवार रुसकी. 'ए' म्हणून हाक मारली की म्यानातून बाहेरच येत नाही. दुसरी, खोटं बोलणारा माणूस जवळ आला की शिंकते. तिसरी प्रत्येक घावाआधी विचारते, 'मारू का?' आणि उत्तर येईपर्यंत थांबते.

मसाजींच्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती हलली नाही.

"शिंकणारी बरी हाय," ते म्हणाले. "पन राक्षसाच्या घरात चोरपावलानं जाऊन राहिले, आन ही शिंकली तर?"

हे रागिणीच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं लगेच लिहिलं : दबक्या पावलांनी जाताना नाकाला फडकं बांधावं.

"तलवारीला नाक असतंय व्हय?"

"शिंकती म्हणल्यावर असणारच की, मामा."

मसाजींच्या मिशा हलल्या. ते उठले आणि मधल्या खुर्चीवर येऊन बसले.

चाळीस वर्षं मेंढरामागं माळ तुडवलेला माणूस. त्याला एकदा सुचायला लागलं आणि रागिणीचा पेन पुरेना.

"एक लांडग्यासाठी कर. पन मारायची न्हाई. त्याला बी पोट हाय. तलवार दिसली की त्याला वाटावं, आपून आत्ताच जेवून आलो."

रागिणी खळखळून हसली आणि दचकून तिनं तोंडावर हात ठेवला. सासऱ्यासमोर ती अशी कधी हसली नव्हती. त्यांनी ते पाहिलंच नाही, किंवा पाहून सोडून दिलं.

"आन एक अशी, की उगारली की समोरच्याला त्याच्या मायची हाक ऐकू यावी. मंग कोन लढतंय?"

आठवी झाली. नववीपाशी ते अडखळले.

"एक... कुनाच्या गळ्यावर ठेवली की..."

हात मानेकडं गेला. या वेळी तो गाठीवरच थांबला.

रागिणीनं पेन उचलून धरला होता. "की तिची धारच जाते," ती म्हणाली. "कापायचंच विसरते."

"लिही," मसाजी दुसरीकडं बघत म्हणाले.

तेवढ्यात नाव पुकारलं.

डॉक्टरांनी कागद पाहिला, गाठ पुन्हा चाचपली. "साधी गाठ आहे, बाबा. कॅन्सर वगैरे काही नाही. सहा महिन्यांनी दाखवून जा."

मसाजी डॉक्टरांकडं बघत नव्हते. ते सुनेकडं बघत होते. रागिणीनं कागद घेतला. ओळीखाली बोट ठेवत सगळा वाचला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"बराबर हाय, मामा. काही न्हाई."

बाहेर पायरीवर पायताण घालताना मसाजींचा पाय काही केल्या आत जाईना. रागिणीनं वाकून पायताण सरळ केलं. ते हसायला लागले, डोळे भरेपर्यंत हसले. "लई ऊन हाय," म्हणत त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, आणि खिशातून फोन काढला.

"धर्मसिंग? हां, मसाजी. उद्या गाडी आनू नको... न्हाई रे, भाव कमी म्हनून न्हाई. मेंढरं द्यायचीच न्हाईत... राखंल कोन म्हंजी? मी हाय ना!"

फोन खिशात गेला. धर्मसिंग म्हणजे मेंढरांचा व्यापारी, हे रागिणीला माहीत होतं. सौद्याबद्दल मात्र घरात कुणीच काही बोललं नव्हतं. ती तिथंच पायरीवर बसली.

"सगळी देऊन टाकणार होता तुमी?"

"सगळी न्हाई," मसाजी म्हणाले. "दोन शेळ्या ठेवल्या व्हत्या. तुझ्या हाकेला येतात त्या."