बगाटेलला पंचामृत

आमच्या अकोल्याच्या घरी बगाटेल आलं ते मामंजींच्या हातासाठी नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे आमचे हे चारचौघांत "बाबांसाठी मुद्दाम आणलं" असं सांगत सुटले, आणि वकिलाचं बोलणं लोकांना खरं वाटतं. झालं असं, की हे अमरावतीला राजापेठेत, वन्संच्या होणाऱ्या सासरी, लग्नाची तिथी पुढे ढकलण्याचं बोलायला गेले होते. तिथे नवरदेवाबरोबर बगाटेल खेळले, सपाटून हरले, आणि परतताना दुकानातून तस्संच एक काखोटीला मारून घेऊन आले.

तिथी पुढे ढकलायचं कारण मामंजी, म्हणजे माझे सासरे. संक्रांतीनंतर त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू सुधारला, पण हात मात्र मांडीवर पडलेला तो पडलेलाच. आणि कन्यादान उजव्या हातानं करायचं असतं. मामंजी स्वतः याज्ञिक, मोरोपंत म्हणजे अकोल्यातलं मोठं नाव. जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात वधूपित्यांना "हात स्थिर ठेवा" म्हणून दटावलेलं. ते म्हणाले, "माझा हात उठला नाही तर मी बोहल्यावर बसणार नाही. कमलाकांत करेल कन्यादान." कमलाकांत म्हणजे आमचे हे. त्यावर वन्सं, म्हणजे माझी नणंद अनुपमा, म्हणाल्या, "बाबांनी दिलं तरच मी जाईन. नाही तर मी इथेच बरी आहे." दोघंही एकाच माळेचे मणी. मध्ये सासूबाईंचा जीव टांगणीला. शेवटी मार्गशीर्षातली तिथी ठरली आणि सगळं घर त्या हाताकडे बघत बसलं.

डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. मामंजींनी तो शेजारच्या कुत्र्याला दिला.

बगाटेल म्हणजे एक तिरपी फळी, वरचं टोक कमानीसारखं गोल. फळीवर खिळ्यांच्या महिरपी आणि प्रत्येक महिरपीत एक आकडा. उजव्या कडेला स्प्रिंगचा दांडा. तो ओढून सोडला की लोखंडी गोळी सणसणत वर जायची, कमानीला वळसा घालून खिळ्यांवर टणटण आपटत खाली यायची, आणि जिथे अडकेल तितके गुण. एवढाच खेळ. पण त्या टणटणीत काय होतं कोण जाणे, मी, भली घरंदाज सून, तव्यावर पोळी टाकून "एकच डाव" म्हणून बाहेर यायची आणि पोळीचा कोळसा व्हायचा. हे कोर्टातून आले की कोट न काढता फळीपुढे बसायचे. सासूबाई "पोरखेळ" म्हणायच्या आणि आम्ही उठलो की दोन गोळ्या मारून घ्यायच्या.

तब्येतीनं मात्र ते बगाटेल घरजावयापेक्षा नाजूक निघालं. वैशाखाच्या उन्हानं फळी एका अंगाला वाकली, मग सगळ्या गोळ्या डावीकडच्या दहाच्या घरात जाऊन बसायला लागल्या. ह्यांनी खाली वर्तमानपत्राची घडी सरकवली, तर त्या उजवीकडे जायला लागल्या. खिळे ढिले व्हायचे, ते वरवंट्यानं ठोकावे लागायचे. गोळी दर दोन दिवसांनी कपाटाखाली दडायची आणि मला केरसुणी घेऊन जमिनीवर आडवं पडावं लागायचं. तरी कोणी कुरकुरलं नाही. आमच्या घरात हसू येऊन बरेच दिवस झाले होते, ते त्या फळीबरोबर परत आलं होतं.

मामंजी मान फिरवून बसायचे. "जुगार आहे हा," म्हणायचे. एका दुपारी मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर स्वारी डाव्या हातानं, वाकडी होऊन, दांडा ओढत होती. मी तांब्या ठेवला आणि काही न पाहिल्यासारखी आत आले.

मग त्यांना जोडीदार मिळाला, उत्तमराव. मोर्णा नदीच्या काठी त्याची भाजीपाल्याची वाडी. सकाळी गल्लीतून टोपली रिकामी करायचा आणि आमच्या ओसरीवर चहाला टेकायचा. मामंजी त्याला डाव्या हातानंही रोज हरवायचे. उत्तमराव काही वैद्य नव्हता, संत तर नव्हताच. त्याला जिंकायचं होतं, बस. हरून हरून वैतागल्यावर एक दिवस तो म्हणाला, "महाराज, हात बदलवा."

"काहून?"

"डाव्या हातचं मी मोजत नाही. तुमीच सांगता ना, डाव्या हातानं निवद दाखवू नाही, दान देऊ नाही, घेऊ नाही. मंग डाव्या हातचे शंभर मी काहून मोजू?"

मामंजी संतापले. पण शास्त्र त्यांचंच होतं, नाही कसं म्हणणार? त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून दांड्यावर ठेवला. बोटं घसरली. पुन्हा ठेवला. गोळी जरा पुढे सरकली आणि परत येऊन बसली.

"शून्य," उत्तमराव आनंदानं म्हणाला.

त्या 'शून्या'नं जे केलं ते चेंडूला कधी जमलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून मामंजी उत्तमरावाच्या आधीच फळीपुढे हजर. आषाढात गोळी अर्ध्यावर जाऊ लागली, श्रावणात कमानीपर्यंत. गणपतीत त्यांनी उजव्या हातानं अक्षता वाहिल्या. निम्म्या खाली सांडल्या, निम्म्या देवावर पडल्या. सासूबाई पदर तोंडाला लावून ढसाढसा रडल्या आणि मीही रडले.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुजतात. विळी, खलबत्ता, ह्यांची सायकल, माझं शिवणयंत्र, सगळ्यांना हळदकुंकू आणि फूल. मामंजी दुपारचे झोपले असताना सासूबाईंनी बगाटेलही पाटावर ठेवलं. इथवर ठीक होतं. पण त्यांचं मन कुंकवावर भरेना. मी स्वयंपाकघरात पुरणात गुंतलेली. बाहेर येऊन बघते तो दूध, दही, तूप, मध, साखर असा साग्रसंगीत अभिषेक चाललेला आणि वरून पाण्याची धार.

"सासूबाई, हे काय करून राहिलात?"

"काय म्हणजे? ज्यानं ह्यांचा हात परत दिला, त्याला नुसतं कुंकू लावून सोडू? मला तर तोच देव."

देव दसऱ्यालाच मुंग्यांनी भरला. मध स्प्रिंगमध्ये शिरला होता, दांडा जागचा हलेना. फळी पुरीसारखी फुगली. ह्यांनी सगळं सोडवून घासलेटनं धुतलं, फळी उन्हात दगडाखाली दाबून ठेवली आणि ती बरीचशी सरळ झाली. पण स्प्रिंग गंजत गेली आणि जोर लावल्याबरोबर तुटली. मामंजी सासूबाईंना म्हणाले, "शस्त्राला गंधफूल असतं. अभिषेक मूर्तीला. एवढी वर्षं याज्ञिकाच्या घरात काढलीस तू."

राजापेठेतल्या दुकानदारानं कळवलं, नवा माल मुंबईहून येईल तेव्हा येईल. व्याह्यांकडे त्यांचं बगाटेल मागावं, तर हात अजून बरा नाही हे कबूल करावं लागलं असतं. घड्याळजीनं स्प्रिंग बघून हात जोडले. ह्यांनी नवा चेंडू आणला, त्याच्याकडे मामंजींनी ढुंकून पाहिलं नाही. दिवाळी आली तशी बोटं पुन्हा आत वळायला लागली. भाऊबीजेच्या दिवशी जेवताना मामंजी ह्यांना म्हणाले, "कन्यादानाचे मंत्र एकदा माझ्याकडून समजून घे." वन्सं ताटावरून उठून गेल्या. मला सासूबाईंचा राग येत होता आणि त्यांच्याकडे पाहिलं की कीवही येत होती. तिथी डोक्यावर आलेली, पत्रिका वाटून झालेल्या.

उत्तमराव आला तो धोतराच्या सोग्यात काहीतरी बांधून. त्याच्या फवारणीच्या पंपातली स्प्रिंग. "पंप तसाबी गयतो, पाणी धरत नाही," म्हणाला. "महाराजाइले हरवल्याबिगर मले चैन नाही."

ती स्प्रिंग बसली खरी, पण होती चांगली दांडगी. ह्यांनी नेहमीसारखा दांडा ओढून सोडला, तर गोळी कमान ओलांडून, ओसरी ओलांडून, थेट माझ्या वरणाच्या पातेल्यात. जेवताना ती उत्तमरावाच्या वाटीत निघाली. त्यानं ती चाटूनपुसून परत दिली.

"जोरानं नका ओढू, महाराज. जराकच ओढा अन् धरून ठेवा. हात थांबला का मंग सोडा."

तेवढाच उपाय होता. हात थरथरला की गोळी फळीबाहेर, आणि मग आम्ही सगळे खाली वाकायचो. देव्हाऱ्याशेजारच्या तसबिरीची काच गेली, एक कपबशी गेली. मामंजी दांडा जरासा ओढून, दात आवळून, घामानं निथळत बसायचे. थरथर थांबेपर्यंत सोडायचे नाहीत. मग गोळी सावकाश कमान चढायची, आणि आम्ही सगळे श्वास सोडायचो. तुळशीच्या लग्नाला त्यांनी ह्यांना सांगितलं, "मंत्र राहू दे. मी बघतो." पण ते होईल याची खात्री त्यांनाही नव्हती, आम्हाला तर नव्हतीच.

लग्नाच्या दिवशी हे सोवळं नेसून बोहल्याच्या कडेला बसले होते, न जाणो वेळ आलीच तर. नवरदेवाच्या ओंजळीवर वन्संची ओंजळ, त्यावर मामंजींचा उजवा हात, खाली काशाचं भांडं. सासूबाई झारीतून धार धरून होत्या. मी त्यांच्या मागे उभी होते आणि मला त्यांची पाठ कापताना दिसत होती. मामंजींचा हात मात्र कापत नव्हता.

मंत्र सांगायला भगवंतराव, मामंजींचेच शिष्य. गुरूच्या हाताची दया येऊन त्यांनी भराभर गोत्र उरकलं आणि पिढ्या गाळून पुढे निघाले. मामंजींनी मान वळवली.

"भगवंतराव, पणजोबा राहिले. तीन पिढ्या, तीन वेळा, सगळं नीट म्हणा. मला घाई नाही."

मांडवात हसू पिकलं. भगवंतराव शरमून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. मला इतकं हायसं वाटलं की मी खांबाला टेकले.

मंत्र संपले. झारी रिकामी झाली. भगवंतराव म्हणाले, "झालं, आता हात काढा." मामंजींचा हात तिथेच. ते पुन्हा म्हणाले. हात हलेना. सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं, चेहरा पांढराफटक. हे अर्धे उठले. संक्रांतीनंतरचा तो दिवसच पुन्हा आला असं मला वाटलं.

वन्सं हळूच म्हणाल्या, "बाबा, झालं."

"ठाऊक आहे मला," मामंजी म्हणाले. त्यांनी पाचही बोटं हलवून तिला दाखवली, आणि हात पुन्हा तिच्या ओंजळीवर ठेवला.